डिझेल वसूल होईपर्यंत

माझे भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, बस डेपोत डिझेलचा हिशेब ठेवायचे. चौतीस वर्षं हेच काम. डेपोच्या मागच्या बाजूला पंपाला लागून त्यांची खोली होती: एक टेबल, एक खिडकी आणि भिंतीवर काळा फळा. बस परत आली की तिची टाकी काठोकाठ भरायची, किती लिटर गेलं ते लिहायचं, मीटर वाचायचा आणि भागाकार करून त्या ड्रायव्हरचं अ‍ॅव्हरेज फळ्यावर मांडायचं. ज्याचा आकडा खाली गेला त्याला दुसऱ्या दिवशी खोलीत बोलावणं. भावोजी कधी कुणावर ओरडले नाहीत. "काय झालं?" एवढंच विचारायचे आणि उत्तर मिळेपर्यंत बघत राहायचे. दांडगे दांडगे ड्रायव्हर त्या बघण्याने गारठायचे म्हणतात. मला ते पटतं, कारण मी चहात साखर जास्त घातली तर ते माझ्याकडेही असंच बघतात.

डेपोत त्यांना सगळे 'लिटर' म्हणायचे, अर्थात पाठीमागे. निवृत्त झाले तरी हे नाव सुटलं नाही, ते आमच्या वस्तीत आलं. कुणाला गाडी घ्यायची असली की आधी लिटरकडे जायचं हे ठरलेलं. डिझेल घेऊ की पेट्रोल? त्यावर भावोजींचे तीन प्रश्न असत. महिन्याला किती किलोमीटर? रस्ता कुठला? आणि किती वर्षं ठेवणार? डिझेल गाडी विकत घेताना महाग आणि पळवताना स्वस्त, पेट्रोलचं नेमकं उलटं. म्हणजे घेताना जे जास्त मोजले ते पळवताना भरून यायला किती काळ लागतो, एवढंच बघायचं. तेवढा काळ ती गाडी तुमच्याकडे राहणार असेल तर डिझेल वसूल, नाहीतर पैसे पाण्यात.

शेजारच्या गल्लीतल्या शिक्षिकाबाईंना त्यांनी डिझेलच्या जवळ फिरकू दिलं नाही. रोज चार किलोमीटरला डिझेल कशाला, इंजिन तापायच्या आत तुमची शाळा येईल आणि धुराड्यात काजळी धरेल, असं सांगून परत पाठवलं. गावोगाव औषधं पोचवणाऱ्याला मात्र म्हणाले, डोळे मिटून डिझेल घे. आणि तिसऱ्या प्रश्नावर कुणी "बघू की" म्हणालं तर त्याला ते दारातूनच वाटेला लावायचे. "बघू हा आकडा नाही," असं म्हणायचे. माझ्यासारख्या माणसाला याचा राग येतो. आयुष्यातल्या निम्म्या गोष्टी 'बघू'वरच चालतात. पण लिटरला हे कोण सांगणार?

दोन वर्षांपूर्वी ताईची मूत्रपिंडं थकली. पाय सुजायला लागले, जिना चढताना धाप लागायला लागली, आणि तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी डायलिसिस सांगितलं. आठवड्यातून तीन दिवस, सोमवार, बुधवार, शुक्रवार. दर वेळी चार तास मशीनला जोडून बसायचं, मशीन रक्त धुऊन परत देतं. दुसरं मूत्रपिंड बसवायचं तर ताईचं हृदय तेवढं भक्कम नाही, म्हणून ती वाट बंद. ही मशीनं आमच्यापासून सगळ्यात जवळ आहेत ती शेहेचाळीस किलोमीटरवरच्या हॉस्पिटलात. सकाळी सातची वेळ. उशिरा पोचलात तर तेवढा वेळ तुमचा कापला जातो, कारण अकराला त्याच खुर्चीवर दुसरा पेशंट असतो.

पहिल्या आठवड्यात भावोजींनी डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं, किती वर्षं? मी शेजारीच उभी होते. डॉक्टर तरुण आणि सज्जन. म्हणाले, असं सांगता येत नाही काका, कुणी पंधरा वर्षं काढतं, कुणाचं हृदय आधी कुरकुरतं. तुम्ही वेळा चुकवू नका, आपण बघू. भावोजी मान हलवून बाहेर आले आणि पार्किंगमध्ये आपल्याच गाडीपुढून निघून गेले. मला त्या दिवशी त्यांची दया आली. फार क्वचित येते, म्हणून सांगते.

तेव्हापासून त्यांच्या शर्टाच्या खिशात एक लहान वही असायची. तिच्यात ताईचं सगळं: मशीनवर बसण्याआधीचं वजन, उठल्यानंतरचं वजन, रक्तदाब, किती पाणी प्यायली. वजनात दोनशे ग्रॅम इकडेतिकडे झाले की भावोजी नर्सकडे बघत राहायचे. "हिचं काल जास्त झालं का पाणी?" असं मला विचारायचे. ताईला ते 'ही'च म्हणतात. लग्नाला अडतीस वर्षं झाली, तरी चारचौघांत त्यांनी बायकोचं नाव घेतलेलं मी ऐकलेलं नाही.

त्यांची गाडी होती जुनी, पेट्रोलची, अठरा वर्षांची. निवृत्तीनंतर इकडेतिकडे जायला पुरेशी होती. पण महिन्याला बाराशे किलोमीटरची तिला सवय नव्हती. मार्चमधल्या एका सोमवारी दुपारी, ताईला घेऊन परत येताना, घाटासारख्या मोठ्या चढावर तिने मान टाकली. बॉनेटमधून वाफ, खाली हिरवट पाण्याचं थारोळं. मी मागच्या सीटवर ताईला धरून होते. मशीनवरून उठल्यावर ती अगदी पिळून काढल्यासारखी असते, आणि सुया टोचलेल्या हातावरच्या कापसातून रक्त पाझरायला लागलेलं. मी तो कापूस दाबून धरला. उन्हाने पत्रा तापला होता. ताई डोळे मिटून म्हणाली की तिला काही होत नाहीये, आम्ही उगाच घाबरू नये. तिचे ओठ पांढरे पडले होते. भावोजी रस्त्याच्या मधोमध उभे राहून हात करत होते, आणि गाड्या त्यांना वळसा घालून जात होत्या. एक तास दहा मिनिटांनी एका टेम्पोवाल्याने थांबून आम्हाला घेतलं.

ती गाडी भंगारात गेली. मग भाड्याची गाडी सुरू झाली. तिचा ड्रायव्हर पावणेसहाला येतो म्हणायचा आणि सव्वासहाला उगवायचा. भावोजी साडेपाचपासून फाटकाशी. दोन आठवड्यांत ताईचा सव्वा तास मशीनवरचा बुडाला. भावोजींनी तोही वहीत लिहिला.

तेव्हा गाडी घ्यायचीच ठरलं. हायवेजवळच्या जुन्या गाड्यांच्या दलालाकडे भावोजी रोज जायला लागले. त्यांच्या ऐपतीत बसणाऱ्या आणि घेण्यासारख्या तिथे दोनच गाड्या होत्या, एकाच कंपनीच्या, एकाच साच्यातल्या, तीन-तीन वर्षांच्या. निळी पेट्रोलची आणि राखाडी डिझेलची. डिझेलवाली नव्वद हजारांनी महाग. एका संध्याकाळी मी गेले तर भावोजी जेवणाच्या टेबलावर कागद मांडून बसले होते. मला बघून बरं वाटलं असावं, कारण समजावून सांगायला लागले. पेट्रोलला किलोमीटरमागे सहा रुपये पडतात. डिझेलला चार आणि वीस पैसे. तिचं ऑइल, फिल्टर, सर्व्हिसिंग महाग, त्याचे तीस पैसे धरू. म्हणजे डिझेल किलोमीटरमागे दीड वाचवते. नव्वद हजारांना दीडने भागा. साठ हजार किलोमीटर.

"महिन्याचे बाराशे," ते म्हणाले आणि कागदावर लिहिलं, पन्नास महिने. पेन्सिल तिथेच थांबली.

मी म्हटलं, मग झालं की, सगळा हायवेचा रस्ता, लांबचं पळणं, औषधवाल्याला तुम्ही हेच सांगितलंत, डोळे मिटून डिझेल. भावोजींनी कागदाची घडी घातली. म्हणाले, निळी घ्यावी असं वाटतंय. मी म्हटलं, का? तर म्हणाले, "बघू."

मला वाटलं, चिकटपणा. नव्वद हजार एकदम काढायला हात आखडतोय. तसं मी ताईजवळ बोललेही. आज आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

कारण त्याच सुमाराला ताई बदलली. आधी मला लक्षातच आलं नाही. एकदा गेले तर स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या, तिच्या ठसठशीत अक्षरात: हळद, जिरे, मेथी, साखर. म्हटलं, हे कशाला? म्हणाली, यांना सापडत नाही काही. मग एक दिवस भावोजी मोरीत उभे आणि ताई स्टुलावर बसून त्यांना शिकवतेय, रंगीत कपडे वेगळे भिजवायचे, कॉलर आधी घासायची. मला तिने तिची लोकरीची शाल देऊन टाकली. चष्म्याचा नंबर वाढला होता, म्हणून तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरवलं, तर म्हणाली, आता नव्याला कशाला पैसे घालायचे, आहे तो पुरेल. सगळं हसतमुखाने. तिच्या हसण्याचीच मला भीती वाटायला लागली.

भावोजींचं धाबं वेगळ्याच कारणाने दणाणलं होतं. ते मला कोपऱ्यात गाठून विचारायचे, ही बोलत नाही माझ्याशी फारशी, तुला काही म्हणाली का? हिला आत काही होतंय का? वजन ठीक आहे, रक्तदाब ठीक आहे, मग हे काय? वहीत बघून त्यांना काही सापडत नव्हतं.

आणि एका बुधवारी सकाळी ताई म्हणाली, आज मी येत नाही.

भाड्याची गाडी दारात उभी होती, त्या दिवशी नेमकी वेळेवर आलेली. ताई पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली. भावोजींनी विनवलं, मला फोन करून बोलावलं, मी रागावले, हातापाया पडले. दमलेय, शुक्रवारी जाऊ, एवढंच उत्तर. शेवटी सात वाजून गेले. ज्याला माहीत नाही त्याला सांगते, डायलिसिसची एक वेळ चुकणं म्हणजे बसची एक फेरी चुकणं नव्हे. पाणी अंगात साठत जातं, पायात, मग पोटात, मग छातीत. हॉस्पिटलला कळवलं तेव्हा नर्स म्हणाली, उद्या तरी आणा, दुपारच्या पाळीत जागा बघते. गुरुवारी सकाळी ताईचे घोटे फुगले होते आणि ती दोन उशा लावून बसली होती. आडवं झालं की श्वास अडत होता. आजची दुपारही नको म्हणेल, अशी भीती वाटत होती. भावोजी दलालाकडे गेले होते. आजच्या आज गाडी आणतो, आपली गाडी असली की ही येईल, असं काहीतरी पुटपुटत गेले.

मी ताईच्या पायाशी बसले आणि सरळ विचारलं, तुला जगायचं नाही का?

तिने उशीखालून ती लहान वही काढली. मशीनच्या खोलीचा फोन नंबर हवा होता म्हणून तीन आठवड्यांपूर्वी तिने ती भावोजींच्या खिशातून घेतली होती, नंतरही एकदा घेतली आणि काल परत घेतली. एक पान उघडून माझ्यासमोर धरलं. डाव्या पानावर तिची वजनं, सोमवार आधी छप्पन्न किलो आठशे, नंतर चोपन्न चारशे. उजव्या पानावर भावोजींच्या बारीक सरळ अक्षरात चार ओळी:

'दिसायला चांगली. आतून थकलेली. चढाला दम लागतो. हिचे आयुष्य फार तर दोन वर्षे. यापुढे हिच्यावर खर्च करण्यात अर्थ नाही.'

"डॉक्टरांनी यांना सांगितलं असणार," ताई म्हणाली. "मला सांगवलं नाही, म्हणून लिहून ठेवलं. यांनी लिहिलेलं कधी चुकलंय का?"

मी छापखान्यात मजकूर तपासायचं काम करते. एकोणतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलंय. ओळीच्या टोकाला एक काना जास्त पडला तरी मला दिसतो. ते पान मी दोनदा वाचलं आणि मला त्यात एकही चूक दिसली नाही. डोक्यात तिडीक गेली. ती वही उचलली, शेजारणीला ताईजवळ बसवलं आणि रिक्षा करून तडक दलालाचं आवार गाठलं.

भावोजी एका पांढऱ्या गाडीखाली आडवे झाले होते. बाहेर फक्त बूट. दलाल फोनवर होता. मी त्या बुटांशीच बोलायला सुरुवात केली. काय काय बोलले ते सगळं सांगत नाही, पण अडतीस वर्षांच्या संसाराचा शेरा चार ओळीत मारणारा माणूस मी पाहिला नव्हता, हे त्यात होतं. आणि माणसावर खर्च करण्यात अर्थ नाही हे लिहवलं तरी कसं, हेही होतं. बूट स्थिर झाले. मग भावोजी सरकत बाहेर आले, कपाळावर काजळी. मी वहीचं पान त्यांच्या नाकासमोर धरलं.

त्यांनी वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. मग काजळीचं बोट त्या पांढऱ्या गाडीकडे केलं.

"ही," ते म्हणाले. "ही गं. हिच्याबद्दल आहे ते. हा दलाल तीन आठवड्यांपासून गळ्यात मारतोय. आता नीट करून घेतली म्हणाला, म्हणून परत बघत होतो."

मला क्षणभर कळलंच नाही. तेव्हा त्यांनी सांगितलं की डेपोत बसला कुणी बस म्हणायचं नाही. तपासणीच्या रजिस्टरात वर एकदा नंबर टाकायचा आणि खाली सगळं ही, हिला, हिचे. हिला ओढ नाही. हिला सकाळी उठवावं लागतं. आणि शेवटचा रकाना आयुष्याचा. अजून किती वर्षं रस्त्यावर ठेवायची, तो. चौतीस वर्षं असंच लिहिलं, दुसरं लिहिता येत नाही. ताईची वजनं होती त्याच वहीत लिहिलं, कारण खिशात तीच होती.

"हिनं वाचलं?" त्यांनी विचारलं. या वेळी 'ही' म्हणजे ताई, हे मला आवाजावरून कळलं.

मी म्हटलं, वाचलं. म्हणून काल आली नाही.

भावोजी गाडीच्या बंपरवर बसले. या माणसाला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं, आणि तेव्हाही ते रडले नाहीत, पण खालचा ओठ चिमटीत धरून बसले. मग उठले आणि दलालाकडे पांढऱ्या गाडीची किल्ली मागितली. चालवून बघतो म्हणाले. दलालाला वाटलं गिऱ्हाईक पटलं.

आम्ही घरी आलो. भावोजींनी ताईला उठवलं, चपला घातल्या, दोघांनी मिळून तिला जिन्यावरून खाली आणलं आणि पांढऱ्या गाडीत पुढे बसवलं. कुठे नेताय, हॉस्पिटलात मी येणार नाही, असं ती म्हणत होती. मी मागे बसले. भावोजी वस्तीमागच्या पाण्याच्या टाकीकडे निघाले. तिथे मोठा चढ आहे. चढाच्या मध्यावर गाडी घरघरायला लागली. त्यांनी गिअर खाली टाकला, ती आणखी घरघरली आणि पायी चाललेल्या एका म्हाताऱ्याने आम्हाला मागे टाकलं.

"ऐक," भावोजी म्हणाले. "चढाला दम लागतो. दिसायला चांगली, आतून थकलेली. हिचं आयुष्य दोन वर्षं. ही, अगं. गाडी."

ताईने डॅशबोर्डकडे बघितलं. भावोजींकडे बघितलं. मग मागे वळून माझ्याकडे. मी वही उघडून पानावर बोट ठेवलं आणि मान हलवली. तिचे खांदे हलायला लागले, आणि मला वाटलं आता रडते, पण ती हसत होती. हसता हसता धाप लागली, तरी थांबेना. भावोजींनी टाकीपाशी गाडी उभी केली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, संपलं एकदाचं.

पण हसू ओसरल्यावर ताईने विचारलं, "मग घेताय कुठली?"

भावोजी म्हणाले, दुसरी आहे तिथे, निळी. पेट्रोलची, पण बरी आहे.

"डिझेल नव्हती?"

होती, म्हणाले.

ताई अडतीस वर्षं त्यांच्यासमोर बसून जेवली आहे. प्रत्येक घासाबरोबर किलोमीटर आणि लिटर ऐकत आली आहे. तिला कागद लागत नाही. तिने फक्त दोन्ही गाड्यांच्या किमती विचारल्या, डिझेलचा आजचा भाव विचारला आणि समोरच्या काचेतून खालच्या घरांकडे बघत ओठ हलवले. मला तेव्हा, त्या मागच्या सीटवर, पहिल्यांदा कळलं की ती पेन्सिल कुठे थांबली होती आणि का.

"चार वर्षं दोन महिने," ताई म्हणाली. "तेवढं धरवलं नाही तुम्हाला माझं."

भावोजींनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. म्हणाले, "धरायचं फार मनात होतं. पण धरलं आणि तसं झालं नाही, तर ती गाडी रोज माझ्या दारात उभी राहील. मी तिच्यात बसू कसा?"

चिकटपणा म्हटलं होतं मी त्याला. खाली कुणीतरी गच्चीवर चादरी वाळत घालत होतं, त्याकडे मी बघत बसले.

ताईने पदराने, मग हाताने तोंड पुसलं. तिचा श्वास अजून भरलेला होता, त्यामुळे थांबत थांबत बोलली.

"डिझेल घ्या," ती म्हणाली. "वसूल करून देते मी."

त्याच दुपारी ती हॉस्पिटलात गेली. त्याच पांढऱ्या गाडीतून गेली, कारण भाड्याचा ड्रायव्हर फोन उचलेना आणि दलालाला भावोजींनी नुसतं कळवलं की अजून चालवून बघतोय. मी वाटभर देवाचं नाव घेत होते. त्या घाटासारख्या टेकाडाला आमच्या बाजूनेही चढ आहे; तिथे गाडी इतकी हळू झाली की मी दाराची कडी घट्ट धरली, पण चढली. दुपारच्या पाळीत जागा मिळाली. साडेतीन किलो पाणी निघालं ताईच्या अंगातून. नर्सने भावोजींना बाहेर बोलावून चांगलं फैलावर घेतलं, आणि ते खाली मान घालून ऐकत उभे राहिले, ड्रायव्हर उभे राहायचे तसे.

सोमवारी राखाडी गाडी आली. घेतली तेव्हा मीटर होता अडतीस हजार दोनशेवर. म्हणजे अठ्ठ्याण्णव हजार दोनशेला वसूल. हा आकडा आमच्या घरात सगळ्यांना पाठ झाला. ताईने नवा चष्मा केला. डब्यांवरच्या पट्ट्या मात्र राहू दिल्या, कारण भावोजींना खरंच काही सापडत नाही.

मला वाटलं होतं, आता काळजी सरली. तसं कसं होईल? पूर्वी एकच धास्ती होती, आता तिला आकडा मिळाला. दर सोमवारी मी बरोबर जाते. परत येऊन गाडी उभी केली की ताई मीटरवर वाकून उरलेले किलोमीटर सांगते. राहिले पंचावन्न हजार. राहिले त्रेपन्न. मधे एकदा मशीनवर असताना तिचा रक्तदाब एकदम खाली गेला, तिची बोटं गार पडली, नर्सेस धावल्या आणि आम्हाला बाहेर काढलं. पाऊण तास आम्ही बाकावर बसलो. भावोजींच्या हातात गाडीची किल्ली होती आणि ते ती या हातातून त्या हातात घेत होते. ताई शुद्धीवर आली, चहा मागितला, तिला मिळाला नाही. त्या दिवशी घरी आल्यावर तिने मीटर वाचला नाही. भावोजींनीही विचारलं नाही.

हे त्यानंतरच्या महिन्यातलं. सोमवार होता, आम्ही परत येत होतो. ताई पुढच्या सीटवर मान मागे टाकून डोळे मिटून पडली होती. मला वाटलं झोपली. हायवे सोडल्यावर एक फाटा लागतो, तिथून सरळ गेलं की आमचं घर. भावोजींनी गाडी डावीकडे घातली, बंद पडलेल्या कापड गिरणीच्या रस्त्याने. माझ्या काही लक्षात आलं नसतं.

"हा लांबचा रस्ता," ताई डोळे न उघडता म्हणाली.

भावोजी म्हणाले, तिकडे गर्दी असते.

"गर्दी नसते. तीन आठवडे बघतेय मी. आठ किलोमीटर जास्त पडतात इकडून."

ज्या माणसाने लांबून आल्याबद्दल शेकडो ड्रायव्हरांना आपल्या टेबलासमोर उभं केलं, त्याच्या कानाच्या पाळ्या मागून लाल झालेल्या मी पाहिल्या. ते म्हणाले की किलोमीटर लवकर व्हावेत असं वाटलं. एकदा साठ हजार झाले की मग काही वाटणार नाही, अशी आशा वाटते. त्यांना झोप लागत नाही, हेही म्हणाले. इतकं सगळं ते एका दमात बोलल्याचं मला आठवत नाही.

ताईने डोळे उघडले. सुया न टोचलेला हात पुढे करून तिने त्यांच्या गिअरवरच्या हातावर ठेवला.

"हे आठ धरायचे नाहीत," ती म्हणाली. "जायचे यायचे ब्याण्णव, तेवढेच. घाई कसली करता? मला वेळ आहे."

गिरणीच्या फाटकापाशी जागा बघून भावोजींनी गाडी वळवली आणि सरळ रस्त्याला घेतली.